भोकाच्या पैशाची चाबी

भागीरथाबाईच्या घरात, देवळीच्या बाजूला, खिळ्याला एक कुलूप टांगलेलं असे. बंद कुलूप. त्याची चाबी तिच्या नवऱ्याच्या कमरेला होती आणि नवरा बावीस वर्षांपासून बेपत्ता होता. दर दिवाळीला घर सारवून झालं की ती कुलूप खाली काढायची, चिंधीने पुसायची, छिद्रात तेलाचे दोन थेंब सोडायची आणि पुन्हा टांगून ठेवायची. मुलगी शामला चिडायची.

"जे उघडतच नाई, त्याले तेल कायले पाजतं वं माय?"

"लोखंड होय ते. त्याचा काय कसूर?" एवढंच उत्तर मिळायचं.

नवऱ्याचा मात्र कसूर होता, आणि तो ती विसरली नव्हती. रुपराव वाघाडे हे नाव बावीस वर्षांत तिच्या तोंडून शिवीशिवाय निघालं नव्हतं. तीन महिन्यांची गरोदर बायको घरात असताना, 'रामटेकले जाऊन येतो' असं सांगून जो माणूस जातो तो जातोच, त्याची आरती ओवाळायची का? तरी कपाळावरचं कुंकू तिने कधी पुसलं नाही. पळून गेलेला नवरा जिवंतच असतो, असा तिचा हिशेब. या बाईचं रागावणंही असं नियमशीर होतं.

हे सारं चिचटोल्याचं. नागपूरहून रामटेकच्या रस्त्याने निघालं की वाटेत डाव्या हाताला एक कच्चा फाटा फुटतो आणि सागाच्या झाडांतून डोंगराच्या पायथ्याशी जातो. तिथे इंग्रजांच्या वेळेपासून मँगनीजची खदान होती. बासष्ट साली ती बंद पडली. कंपनी गेली, माणसं गेली, इमारती तेवढ्या मागे राहिल्या. साहेबाचा बंगला, लाकडी फरशीचा क्लब, दवाखाना, भोंग्याचा मनोरा, ट्रॉलीचे दगडी खांब, दोन हात जाडीच्या भिंतींचं बारूदघर. क्लबात आता वटवाघळं होती आणि दवाखान्यात शेळ्या. मजुरांच्या खोल्यांना 'लाईन' म्हणत. तिच्यातल्या पाच-सहा खोल्यांतून अजून चूल पेटत होती. त्यातली एक भागीरथाबाईची. बाजूची गोपिकाची.

साहेबाचा बंगला सरकारी पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता आणि त्याची राखणदारी भागीरथाबाईकडे होती. नागपूरचे लोक हिवाळ्यात सहलीला आले की 'काही पाहण्यासारखं आहे का हो?' असं विचारायचे. मग ही कमरेला पदर खोचून पुढे आणि ते मागे. तिच्यासारखं चिचटोलं दाखवणारं दुसरं कोणी नव्हतं. "हे साहेबाच्या कुत्र्याईचं घर. आमच्या खोलीहून मोठं हाये, पाहून घ्या," असं ती न हसता सांगायची. बारूदघरात शिरताना बिडी विझवायला लावायची. आत पंधरा वर्षांत उंदीर सोडून काही नव्हतं, पण नियम म्हणजे नियम.

ही फेरी नेहमी एका दगडापाशी संपायची. खदानीच्या तोंडाशी कमरेइतका उंच, घडीव दगड होता. त्यावर कोरलं होतं, 'चंद्रभान नेवारे. या खदानीत काम करीत असता मरण पावला. मार्च १९५६.' दगडाभोवती भागीरथाबाईने सदाफुली लावली होती. उन्हाळ्यात विहिरीवरून घागर आणून ती तिला पाणी घालायची.

"हा मानूस कामावर मेला," ती पाहुण्यांना सांगायची. "बायकोले टाकून पयाला नाई."

सांगायची चंद्रभानचं आणि बोट असायचं रुपरावकडे. गोपिका ही त्या चंद्रभानचीच विधवा. तिच्या नवऱ्याच्या दगडाला पाणी घालायला भागीरथाबाईला कधी कमीपणा वाटला नाही. गोपिका मात्र त्या दगडाकडे फारशी फिरकत नसे. दुःख नको असेल तिला, असं सगळे म्हणत.

आता छप्पन सालचं सांगायला हवं.

तेव्हा भागीरथा वीस वर्षांची होती. नवरा-बायको दोघंही खदानीत. रुपराव खाली भुयारात, ती वर उघड्या चौकात मँगनीजचे दगड फोडायला. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला नंबर कोरलेला पितळी बिल्ला असे. सकाळी हाजिरीघराच्या खिडकीत कारकून भैय्याजी बाबू नंबर पुकारायचे, फळ्यावरच्या खिळ्यावरून बिल्ला काढून द्यायचे. माणूस तो करदोड्याला अडकवून खाली जायचा आणि संध्याकाळी परत आणून द्यायचा. संध्याकाळी फळ्यावर खिळा रिकामा दिसला, की तेवढा माणूस खाली राहिला असं समजायचं. रुपरावचा नंबर एकशे त्रेचाळीस, चंद्रभानचा दोनशे सतरा. भागीरथाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एक-चार-तीन हे तीन आकडे तिला झोपेतही ओळखता आले असते.

आणि एक गोष्ट होती जी साहेबाला माहीत नव्हती आणि लाईनमधल्या लहान पोरालाही माहीत होती. कोणाला दांडी मारायची असली की तो आपला नंबर दोस्ताला सांगायचा. दोस्ताची सुट्टी असली की तो त्या नंबरावर खाली उतरायचा. हाजिरी भरली जायची. सकाळच्या गर्दीत बाबू तोंड कुठे पाहतो? तो हात पाहतो. आणि खाली अंधारात कोण कोणाच्या नंबरावर आला, हे शेजारच्यालाही समजत नसे. जास्त दांड्या झाल्या की कंपनी खोली काढून घेत असे, म्हणून ही युक्ती. सापडलं तर दोघांचीही नोकरी जाई, म्हणून आज आपण कोणाच्या नंबरावर उतरणार, हे कोणी बायकोलाही सांगत नसे.

त्या दिवशी रुपरावच्या टोळीला सुट्टी होती. "रामटेकले जाऊन येतो, मीच पयले येईन घरी," असं म्हणून त्याने दाराला कुलूप घातलं आणि चाबी कमरेला लावली. त्या चाबीची कडी तुटली होती, म्हणून रुपरावने खदानीच्या लोहाराकडून तिच्या टोकाला एक भोकाचा पैसा डाख लावून घेतला होता. युद्धाच्या काळात निघाला होता तो, मध्ये गोल भोक असलेला तांब्याचा पैसा. त्या भोकातून करदोडा ओवायचा. चाबी पाहून लाईनमधले लोक हसायचे, "घरात पैसा नसला तं काय झालं, चाबीले हाये!"

दुपारी तीनला भोंगा वाजला. अवेळी वाजलेला भोंगा म्हणजे काय, ते खदानीतल्या बायकांना सांगावं लागत नाही. हातोड्या टाकून सगळ्या हाजिरीघराकडे धावल्या. खाली एका भुयाराचं छत बसलं होतं. माणसं एकेक करून वर येत होती, भैय्याजी बाबू बिल्ले खिळ्यांना लावत होते. भागीरथाचे डोळे फळ्यावर गेले. एकशे त्रेचाळीस जागेवर होता. तिचा जीव भांड्यात पडला. तिथल्या तिथे तिने रामटेकच्या दिशेने हात जोडले.

शेवटी एकच खिळा रिकामा राहिला. दोनशे सतरा. गोपिका खाली बसली.

संध्याकाळी भागीरथा घरी आली तर दाराला कुलूप तसंच. ती उंबऱ्यावर बसून राहिली. अंधार पडल्यावर शेजाऱ्याने दगड घालून कोयंडा तोडून दिला, कुलूप जसंच्या तसं बंद हातात आलं. दुसऱ्या दिवशीही रुपराव आला नाही. तिसऱ्या दिवशी ती भैय्याजी बाबूंकडे गेली. बाबूंनी फळ्याकडे बोट दाखवलं. "खदानीत नाही तुझा नवरा, बाई. बिल्ला इथे आहे. बाकी जगात शोध." तेव्हा भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि माणसं टोळ्यांनी तिकडे जात होती. कोणीतरी म्हणालं, भिलाईलेच गेला असन. चार जणांनी मान हलवली आणि ठरून गेलं.

आठव्या दिवशी ढिगाऱ्यातून प्रेत निघालं. ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. करदोड्याला बिल्ला होता, दोनशे सतरा, त्यावरून चंद्रभान. स्मशानापर्यंत न्यायच्या अवस्थेतही ते नव्हतं, म्हणून खदानीच्या तोंडाशीच पुरलं. लाईनमधल्या सगळ्यांनी मूठमाती दिली. भागीरथानेही दिली. मूठ सोडताना ती मनात आपल्या नवऱ्याला म्हणाली, पाह्य रे, मानसं अशी मरतात, अन् तू कसा पयाला.

कंपनीने दगड बसवला. गोपिकाला खोली आणि चौकात काम मिळालं. आणि पुढची बावीस वर्षं एक पांढऱ्या कपाळाची आणि एक लाल कपाळाची अशा दोघी भिंतीला भिंत लावून राहिल्या. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गोपिका चंद्रभानच्या नावाने पितरांची घागर भरायची, आमरस-पुरणपोळीचं पान वाढायची आणि भागीरथाला हाताला धरून जेवायला बसवायची. नाही म्हटलं तर रडायची. आपल्यासाठी एवढं कोण करतं, असं भागीरथाला वाटायचं.

अठ्ठ्याहत्तर साली शामलाचं लग्न ठरलं. मुलगा कुहीचा, घरची धानाची शेती, मुलाचे वडील महादेवराव बोलायला रोखठोक. सगळं जमलं आणि पत्रिकेशी येऊन अडलं.

"पोरीच्या बापाच्या नावामागं काय लावाचं?" महादेवराव म्हणाले. "जिता असन तं श्री. लावा, वारला असन तं कै. लावा. लोंबता मानूस पत्रिकेत छापून चार पाहुन्याईत माहं हसं करून घ्याचं नाई. नक्की करा, नाई तं राहू द्या."

शामला म्हणाली, "नावच नको वं त्याचं. ज्यानं माहं तोंड पाह्यलं नाई, त्याचं नाव काहून पाह्यजे माह्या पत्रिकेत?"

पण भागीरथाबाई हट्टाला पेटली. "श्री. लावा. जिता हाये तो. कुठीतरी मजेत बसून राह्यला असन. छापा नाव, वाचू दे त्याले कोनाच्या हातातून." महादेवराव गेले, पण जाताना त्यांचा चेहरा काही बरा नव्हता. श्री. लावलेला बाप मांडवात दिसला नाही तर ते काय करतील, याची धास्ती तिला रात्रंदिवस होती. पोरीचं लग्न एका अक्षरावर उभं होतं आणि ते अक्षर खरं की खोटं, हे सांगणारा जगात कोणी नव्हता.

अशात चैत्रात शोभाताई आल्या. या नागपूरला कॉलेजात शिकवायच्या, रामदासपेठेत राहायच्या. जुन्या खदानींच्या इमारतींची नोंद करायचं काम त्यांनी घेतलं होतं. खांद्याला कॅमेरा, हातात वही, आणि नागपूरच्या कचेरीतून परवानगीने आणलेला चाब्यांचा जुडगा. शिकलेल्या बायका ऐकून घेत नाहीत असा भागीरथाबाईचा अनुभव, पण या ऐकायच्या. म्हणून सकाळीच तिने पत्रिकेचा कागद त्यांच्या हाती दिला, सीताबर्डीच्या छापखान्यात द्यायला. शोभाताईंनी तो वहीत ठेवला.

दोन तास त्या हिंडल्या. क्लबाच्या भिंतीवरचा हिरवा रंग त्यांनी नखाने खरवडून पाहिला, भोंग्याच्या मनोऱ्याच्या पायऱ्या मोजल्या, कुत्र्यांच्या घरापाशी मनापासून हसल्या. शेवटी हाजिरीघर राहिलं. खदान बंद झाल्यापासून ते उघडलेलं नव्हतं.

"याची चाबी आहे बहुतेक," शोभाताई म्हणाल्या. चौथी लागली.

दार ढकललं तशी सोळा वर्षांची हवा बाहेर आली. आत धूळ, वाळवीने खाल्लेली बाकं, खिडकीपाशी बाबूंची खुर्ची. आणि भिंतीवर तो फळा. बिल्ले होते तिथेच होते, ओळीने. कोणी न्यायलाही आलं नव्हतं.

भागीरथाबाई फळ्यापाशी गेली. पदराने धूळ पुसत पुसत ती तिसऱ्या ओळीत पोचली. एक-चार-तीन. तिने बिल्ला खिळ्यावरून काढला, तळहातावर ठेवला आणि तिचं तोंड कडू झालं.

"हा पाहा, बाई, माह्या मालकाचा. इथं टांगून गेला. हा इतका निर्मळ राह्यला, अन् तो..." पुढची शिवी तिने शोभाताईंकडे पाहून गिळली.

"भागीरथाबाई, इकडे काहीतरी आहे," शोभाताई कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटापाशी होत्या. कपाटात कागदांचा भुगा झाला होता, पण वरच्या खणात एक पत्र्याचा डबा शाबूत होता. त्यात मांजरपाटाची एक थैली, तोंड सुतळीने बांधलेलं, सुतळीत घडी केलेला कागद. शोभाताईंनी कागद उलगडला. भैय्याजी बाबूंचं अक्षर सुरेख होतं. त्या वाचू लागल्या.

"बिल्ला नंबर दोनशे सतरा. मयत चंद्रभान नेवारे. अंगावर सापडलेल्या वस्तू. पितळी बिल्ला एक, कंपनीस जमा. करदोड्याचा तुकडा एक. चाबी एक. मयताची पत्नी गोपिकाबाई हिस वस्तू दाखविल्या. चाबी आपली नव्हे असे म्हणते. नेली नाही."

"आपल्या गोपिकाचं नाव हाये?" भागीरथाबाई कौतुकाने जवळ आली. "पाहू, काय हाये थैलीत?"

शोभाताईंनी थैली तिच्या तळहातावर उपडी केली. काळा पडलेला करदोड्याचा तुकडा पडला. त्यात ओवलेली एक चाबी. चाबीच्या टोकाला डाख लावलेला पैसा, मध्ये गोल भोक.

 भागीरथाबाईच्या एका हातात एकशे त्रेचाळीसचा बिल्ला होता आणि दुसऱ्या हातात ती चाबी. दोन्हीकडे ती आळीपाळीने पाहत राहिली. माणसाचा बिल्ला इथे खिळ्यावर, आणि माणसाची चाबी मेलेल्याच्या कमरेला. असं कसं होईल? डोकं चालेना. शोभाताईंनी काहीतरी विचारलं, ते तिला ऐकू आलं नाही.

मग एकदम तिला ते लाईनमधल्या पोरांनाही ठाऊक असलेलं आठवलं. दोस्ताचा नंबर. सुट्टीचा दिवस. 'मीच पयले येईन घरी.'

"नाई," ती म्हणाली. "नाई वं माय. नाई, नाई, नाई." आणि ती हाजिरीघराबाहेर पडली. पायात वहाण घालायचंही तिला सुचलं नाही.

चैत्रातल्या उन्हात तापलेल्या खडीवरून ती अनवाणी घरापर्यंत आली. शोभाताई मागे धावत होत्या. घरात शिरून तिने खिळ्यावरचं कुलूप काढलं. चाबी तीनदा छिद्राच्या बाजूला गेली. चौथ्यांदा आत गेली. तिने ती फिरवली. जरा अडली. मग बावीस दिवाळ्यांचं तेल पोटात घेतलेल्या त्या कुलपाने खट्‌ आवाज केला आणि ते उघडलं.

भागीरथाबाई तिथेच खाली बसली. उघडं कुलूप मांडीवर. ती रडलीसुद्धा नाही. तोंड अर्धवट उघडं, नजर समोरच्या भिंतीवर. शोभाताईंनी पाण्याचा गडवा पुढे केला, तो तिने घेतला नाही.

मग ती बोलली, तेही दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं. "बाई, मी मूठमाती देल्ली ना त्याले. माह्या हातानं देल्ली. अन् मनात शिवी देल्ली." थोडं थांबून म्हणाली, "त्याच्याच दगडाले पानी घालून राह्यली मी. अन् लोकायले सांगून राह्यली का हा पयाला नाई, माहा पयाला."

 सांत्वनाचे शब्द शोभाताईंकडे पुष्कळ असतील, पण त्यातला एकही कामाचा नव्हता.

"मले वाटे, तो कुठी जेवत असन, हासत असन. म्हून तं जगली मी, त्या रागावर. तो तं तवाच..." तिने चाबी पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग शोभाताईंच्या वहीकडे बोट केलं. "तो कागद काढा, बाई. पत्रिकेचा. ते श्री. खोडा."

शोभाताईंनी पेन काढलं. त्यांची नजर नकळत तिच्या कपाळाकडे गेली. भागीरथाबाईला ते समजलं. तिचा हात कुंकवापर्यंत गेला आणि तसाच खाली आला.

"याचं मी पाहून घेईन. तुमी कै. लिहा. कैलासवासी रुपराव सोमाजी वाघाडे. चांगलं ठसठशीत लिहा." शोभाताईंनी लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने कागद हातात घेऊन पाहिला. "शामलीले सांगा लागन," ती म्हणाली. "तिचा बाप तिले टाकून नव्हता गेला. लेकराले बावीस वर्सं मी खोटं शिकवलं."

मग ती उठली. शोभाताईंना वाटलं आता ही दगडाकडे जाईल. पण ती शेजारच्या अंगणात गेली.

गोपिका मोहफुलं वाळत घालत होती. सुपातून हाताने पसरत, काड्या वेचत, सावलीसावलीने सरकत. भागीरथाबाईने पदराची गाठ तिच्यासमोर धरली.

"हे चाबी वयखतं वं?"

गोपिकाने वर पाहिलं. चाबीकडे पाहिलं. तिचा हात मोहफुलांवरच थांबला. 'कोनाची होय' असं तिने विचारलं नाही, आणि तिथेच भागीरथाबाईला सगळं कळून चुकलं.

"कुठी सापडली?" गोपिका अगदी हळू म्हणाली.

"तू जिथं सोडली, तिथंच. कागदावर लिवलं हाये. चाबी आपली नाई म्हनते."

"मले वाटलं बाबूनं फेकून देल्ली असन."

"म्हंजे तुले ठाऊक होतं."

 गोपिका बोलू लागली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता, खूपदा मनात म्हणून ठेवलेलं म्हणावं तसा. "चंद्रभान त्या दिवशी पाहाटेच गेल्ता. गठुडं घेऊन. मले म्हने, वाट पाहू नको. कोनाले समजू नये म्हून आपला नंबर रुपरावदादाले देऊन गेला असन, ते मले काय ठाऊक? भोंगा वाजला, दोनशे सतरा म्हनले, तं मले वाटलं परत आला, उतरला खाली. आठ दिवस मी त्यालेच रडली. मंग बाबूनं हे चाबी हातात ठेवली. पैसा पाह्यला अन् माह्या पायाखालची जमीन सरकली."

"मंग तोंड काहून नाई उघडलं?" भागीरथाबाई ओरडली. लाईनमधल्या बाया दारात आल्या.

"काय सांगू? का माहा नवरा मले टाकून गेला, अन् जाता जाता तुह्या नवऱ्याले आपल्या जागी खाली पाठवून गेला? खोली गेली असती, रस्त्यावर आली असती मी. म्हून तेवढंच म्हनलं, चाबी माही नाई. बाबूनं पुढं इचारलं असतं, कोनाची होय, तं सांगितलं असतं, देवाशपथ सांगितलं असतं. त्यानं इचारलंच नाई."

"मी इचारत होती ना! तुह्या समोर बसून इचारत होती, काहून गेला वं तो, काय कमी केलं मी त्याले! अन् तू माह्या पाठीवर हात फिरवत होती!"

गोपिकाच्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं, ती ते पुसत नव्हती. "दर अखजीले घागर भरली मी. तोंडानं नाव चंद्रभानचं घेतलं, मनात रुपरावदादाचं. त्याचं पान मी कधी चुकवलं नाई. अन् तुले हात धरून बसवलं, का त्याच्या नावाचं अन्न तुह्या पोटात जावं. यापरीस जास्त मले करता नाई आलं वं."

 बावीस वेळा भागीरथाबाई त्या पानावर बसली होती. आमरसाची वाटी पुढे घेऊन, आपल्या नवऱ्याला शिव्या देत देत, त्याच्याच श्राद्धाचं जेवली होती. आणि ही समोर बसून वाढत होती. यात पाप किती आणि माया किती, हे निवडायला बसलं तर जन्म पुरला नसता.  तिने अंगणातल्या खांबाला धरलं.

 शोभाताई कुंपणापाशी उभ्या होत्या, कॅमेरा तसाच गळ्यात.

"कपाळ तुहं पांढरं, माहं लाल," भागीरथाबाई शेवटी म्हणाली. आवाज उतरला होता. "दोनी कपाळं खोटी निघाली वं, गोपिका."



भागीरथाबाई जायला वळली. अंगणाच्या तोंडाशी पोचली, थांबली, आणि मागे न पाहता म्हणाली, "अखजी पंधरा दिवसावर आली. यंदा त्याची घागर मी भरीन, माह्या घरी." मग ती वळली आणि तिने गोपिकाच्या डोळ्यांत पाहिलं.

"तू कोनाची भरशीन?"

 चंद्रभान जिवंत असेल तर कुठे आहे, मेला असेल तर कधी, गोपिकाला काहीच माहीत नव्हतं. ती सूप मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली आणि ऊन सरकत सरकत तिच्या अंगावर आलं.